रिफ्लेक्टेड पॉवर कमी झाली, मग रेंज का गेली?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात मांडतो, चुकत असेन तर सांगा. चिपळूणला घर, १४५ मेगाहर्ट्झवर चालणारा ५० वॅटचा मोबाइल रिग (गाडीत बसवायचा वायरलेस सेट), गच्चीवर व्हर्टिकल अँटेना आणि मधे २० मीटर आरजी-५८ केबल (बारीक कोअॅक्सियल, मधे तार आणि भोवती तांब्याची जाळी). एप्रिलमधे तुमच्या मीटरवर फॉरवर्ड (अँटेनाकडे जाणारी पॉवर) ४५ वॅट आणि रिफ्लेक्टेड (अँटेनाकडून परत येणारी) १ वॅट येत होतं, मित्राचा मीटर त्याच जागी लावला तर फॉरवर्ड ३८ आणि रिफ्लेक्टेड २. आता जुलैत तुमच्याच मीटरवर फॉरवर्ड तेवढंच आहे, रिफ्लेक्टेडचा काटा जेमतेम हलतोय, पण जो रिपीटर (आपला सिग्नल ऐकून पुढे पाठवणारा उंचावरचा सेट) आरामात उघडत होता तो आता खरखरत उघडतो. तर दोनपैकी कुठला मीटर खरा, आणि रिफ्लेक्टेड कमी झालं म्हणजे पावसात अँटेना सुधारली का, असं तुम्ही विचारलंय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण ते जास्त तातडीचं आहे. नाही सुधारली. बहुतेक केबलमधे पाणी गेलंय. मी वीसेक वर्षं कोकण किनाऱ्यावर बोटींचे व्हीएचएफ सेट बसवायचं आणि दुरुस्तीचं काम करतोय, लायसन्सवाला हॅम (हौशी रेडिओवाला) पण आहे, आणि पावसाळ्यात "मीटर तर एकदम छान दाखवतोय पण कोणी ऐकत नाही" ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकलीय की समोरचा वाक्य पूर्ण करेपर्यंत माझा हात टूलबॉक्सकडे गेलेला असतो. अर्थात तुमची केबल मी बघितलेली नाही, त्यामुळे खात्री कशी करायची तेही खाली सांगतो.

खरी अडचण काय आहे ती बघा. मीटर ठेवलाय खाली रिगपाशी आणि तुम्हाला जाणून घ्यायचंय वर अँटेनापाशी काय चाललंय. मधे २० मीटर केबल आहे आणि केबल पॉवर खाते. जाताना खाते, आणि अँटेनाकडून परत येणारी पॉवर पण येताना खाते, म्हणजे परतीच्या पॉवरला दोनदा कर भरावा लागतो. आरजी-५८ मधे १४५ मेगाहर्ट्झला १०० मीटरला साधारण २० डीबी (डेसिबल, पॉवरमधली घट मोजायचं माप, ३ डीबी गेले की पॉवर निम्मी) जातात, म्हणून २० मीटरला ४ डीबी, आणि हे चांगल्या कोरड्या केबलचं झालं, बाजारात विरळ जाळीची हलकी केबल पण त्याच नावाने मिळते तिचं मी काही सांगू शकत नाही. ४ डीबी म्हणजे ४५ वॅटमधले सुमारे १८ वॅट वर पोचतात. बाकीचे २७ केबल गरम करण्यात गेले. हे ऐकून बरेच जण चमकतात, कारण सगळं लक्ष त्या १ वॅट रिफ्लेक्टेडवर असतं.

आता परतीचा हिशोब. तुमच्या एप्रिलच्या आकड्यात ४५ ला १ म्हणजे परत आलेली पॉवर गेलेल्यापेक्षा साडेसोळा डीबीने कमी, आणि एसडब्ल्यूआर (जुळणी किती चांगली त्याचा आकडा, १ म्हणजे पूर्ण जुळणी) निघतो १.३५. पण त्या साडेसोळातले ८ डीबी केबलने खाल्लेत, ४ जाताना आणि ४ येताना. म्हणजे अँटेनापाशी फरक फक्त साडेआठ डीबी, आणि तिथला एसडब्ल्यूआर होतो २.२ च्या आसपास. मित्राच्या मीटरचे आकडे खरे धरले तर खाली १.६ आणि वर ३.७. खाली दोन मीटरमधला फरक किरकोळ वाटतो, वर जाईपर्यंत तो बराच मोठा होतो, म्हणून खालच्या आकड्यावरून अँटेनाबद्दल ठाम बोलणं मी टाळतो.

यातली टोकाची गोष्ट सांगतो. वर अँटेना काढूनच टाका, केबलचं टोक मोकळं ठेवा. गेलेली सगळी पॉवर परत यायला पाहिजे ना, पण खालचा मीटर म्हणेल एसडब्ल्यूआर २.३. हीच केबल ३० मीटर असती तर अँटेना नसताना सुद्धा मीटर १.७ दाखवेल आणि माणूस समाधानाने पीटीटी (बोलायचं बटण) दाबत बसेल.

आता पावसाळा. कनेक्टरमधून पाणी शिरलं की ते जाळीच्या तारांमधून वातीसारखं चढत-उतरत लांबपर्यंत जातं. तांब्याची जाळी काळी पडते, मग हिरवी. केबलचा लॉस वाढतो. समजा ४ डीबीचा ७ झाला, तर वर पोचणार ४५ पैकी ९ वॅट, म्हणजे आधीच्या निम्मे, आणि परतीच्या पॉवरमधून ८ ऐवजी १४ डीबी जाणार. अँटेना तीच, तिचा एसडब्ल्यूआर तोच २.२, पण खालच्या मीटरवर रिफ्लेक्टेड १ वॅटवरून पाव वॅटवर येणार. काटा जेमतेम हलतोय असं तुम्ही लिहिलंय ते यात चपखल बसतं. रेंज गेली आणि मीटर खूश, दोन्हीचं कारण एकच.

एका ट्रॉलरवर मला हे पहिल्यांदा नीट कळलं. तांडेल म्हणत होता की बंदरातून बाहेर पडलं की थोड्याच वेळात दुसऱ्या बोटींना आपलं ऐकू जात नाही. २५ वॅटचा मरीन सेट, मी मीटर लावला, रिफ्लेक्टेड शून्य. मी तेव्हा नवखा, मी सांगितलं अँटेना उत्तम आहे, सेट बघायला लागेल, आणि सेट खोलून दोन दिवस घालवले. सेटमधे काहीच नव्हतं. शेवटी डोलकाठीवर चढून अँटेना काढली आणि खाली कोणाला तरी पीटीटी दाबायला सांगितली, मीटर तरीही शून्यच. अँटेनाच नाही आणि रिफ्लेक्टेड पण नाही! केबल कापली तर आतून मिठाचं पाणी ठिबकलं. तेव्हापासून जुन्या केबलवर शून्य रिफ्लेक्टेड दिसलं की मला आनंद होत नाही, शंका येते.

आता पहिला प्रश्न, कुठला मीटर खरा. तुमच्या आकड्यांवरून दोन्हीपैकी एकालाही खोटं ठरवता येत नाही. त्यासाठी मीटर आत काय करतो ते थोडं समजून घ्यायला लागेल, मी गणित कमीत कमी ठेवतो.

मीटरला येणारी आणि जाणारी पॉवर वेगवेगळी दिसत नसते. तो लाइनवरच्या व्होल्टेजचा एक छोटा नमुना घेतो आणि करंटचा एक छोटा नमुना घेतो. दोन्हींची बेरीज केली की फॉरवर्ड, वजाबाकी केली की रिफ्लेक्टेड. व्होल्टेज आणि करंटचं प्रमाण बरोबर ५० ओहमचं असेल तर दोन्ही नमुने सारखे येतील अशी रचना केलेली असते, मग वजाबाकी शून्य. वॉरन ब्रुइन या अमेरिकन इंजिनिअरने १९५९ मधे ज्या सर्किटबद्दल लिहिलं ते आजही असंख्य एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झ) मीटरमधे थोड्याफार फरकाने असतं. बर्ड ४३ सारख्या मीटरमधे हेच काम प्लगसारख्या एलिमेंटमधला छोटासा लूप करतो, एलिमेंटवरचा बाण ज्या दिशेला त्या दिशेची पॉवर दिसते, फिरवला की उलटी दिशा.

गोम वजाबाकीत आहे. दोन जवळपास सारख्या मोठ्या आकड्यांची वजाबाकी करताना कुठेही थोडीशी चूक असेल तर उत्तरात तीच चूक ठळक दिसते. मीटरची ही वजाबाकी किती स्वच्छ आहे त्याला डायरेक्टिव्हिटी म्हणतात. २० डीबी डायरेक्टिव्हिटीचा मीटर एकदम परफेक्ट ५० ओहम लोडवर सुद्धा फॉरवर्डच्या १ टक्का रिफ्लेक्टेड दाखवू शकतो, म्हणजे ४५ वॅटला जवळपास अर्धा वॅट, हवेतून आलेला. आणि ही चूक खऱ्या रिफ्लेक्शनमधे मिळते तेव्हा कधी ती वाढवते, कधी कमी करते. तुमचा १ वॅट जर अशा मीटरवर वाचला असेल तर खरा एसडब्ल्यूआर १.१ पासून १.६५ पर्यंत कुठेही असू शकतो. मित्राचा १.६ त्या पट्ट्यात बसतोच की. साध्या मीटरला १४५ मेगाहर्ट्झवर २० डीबी मिळाली तरी मी ठीक म्हणतो, आणि २७ मेगाहर्ट्झच्या सीबी रेडिओसाठी (सर्वसामान्यांच्या वायरलेससाठी) बनवलेले मीटर लोक व्हीएचएफवर लावतात त्यांचं तर विचारूच नका.

दुसरी गोष्ट फुल स्केलची. मीटरवर १० टक्के अचूकता लिहिली असेल तर ती बहुतेक वेळा फुल स्केलच्या १० टक्के असते. ६० वॅटच्या स्केलवर म्हणजे ६ वॅट इकडे-तिकडे. तुमचे ४५ म्हणजे ३९ ते ५१, मित्राचे ३८ म्हणजे ३२ ते ४४. दोन्ही पट्टे एकमेकांवर येतात, भांडण मिटलं. आणि त्याच ६० च्या स्केलवर १ वॅट वाचणं म्हणजे धान्याच्या काट्यावर वेलची तोलणं. बर्ड ४३ सारखा चांगला मीटर घेतला तरी तो फुल स्केलच्या ५ टक्क्यांचा आहे, म्हणून आम्ही फॉरवर्डला ५० चं एलिमेंट लावतो आणि रिफ्लेक्टेड बघायला ५ चं. फक्त ५ चं एलिमेंट बाण उलटा ठेवूनच लावायचं आणि तसंच काढायचं, चुकून फॉरवर्डकडे फिरलं तर एलिमेंट नाहीतर मीटर गेला. आणि मोठ्या एलिमेंटवर रिफ्लेक्टेड कमी आहे याची खात्री झाल्याशिवाय छोटं लावायचंच नाही.

तिसरी गोष्ट डायोड. साध्या मीटरमधे नमुन्याचं डीसी करायला डायोड असतो आणि त्याला चालू व्हायलाच थोडं व्होल्टेज लागतं. रिफ्लेक्टेड अगदी कमी असेल तर डायोड झोपलेलाच राहतो आणि काटा शून्यावर. म्हणून एकच अँटेना ५ वॅटवर १.१ आणि ५० वॅटवर १.५ दाखवते, आणि लोकांना वाटतं पॉवर वाढली की अँटेना बिघडते. अँटेना तीच असते हो, कमी पॉवरवर मीटर आंधळा असतो. (अँटेनात खरोखर काही तापत असेल, खराब सांधा किंवा ट्रॅप (अँटेनातली कॉइल-कपॅसिटरची जोडी), तर पॉवरबरोबर एसडब्ल्यूआर बदलू शकतो, पण तेव्हा तो पीटीटी दाबून ठेवल्यावर हळूहळू सरकतो, डायोडच्या बाबतीत लगेच दिसतो.)

अजून एक, मित्राचा मीटर लावताना जोडणीची छोटी केबल तीच होती का वेगळी? १४५ मेगाहर्ट्झला आरजी-५८ मधे पाव वेव्हलेंग्थ जेमतेम ३४ सेंटिमीटर असते. रिग आणि मीटरमधला तुकडा अर्धा फूट कमी-जास्त झाला तरी रिगला दिसणारा इम्पिडन्स (व्होल्टेज आणि करंटचं प्रमाण) बदलतो, आणि त्यामुळे रिग खरोखरच वेगळी पॉवर देऊ शकतो. तेव्हा ४५ आणि ३८ दोन्ही आपापल्या वेळी खरे होते असंही असू शकतं. तसंच बॅटरीवर चालवत होता की १३.८ व्होल्टच्या सप्लायवर, तेही बघा.

थोडक्यात इथपर्यंत: फॉरवर्डमधला तुमचा फरक मीटरच्या अचूकतेत मावतो, रिफ्लेक्टेडमधला फरक डायरेक्टिव्हिटीत मावतो, आणि पावसानंतरचा बदल मात्र एकाच मीटरवरचा, एकाच जागेवरचा असल्यामुळे त्याला अर्थ आहे. एकाच मीटरची कालची आणि आजची तुलना ही त्या मीटरच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त भरवशाची असते.

आता शोधायचं कसं. पाऊस थांबलेला असताना करा, गडगडत असेल तर गच्चीवर जाऊच नका, आणि जवळून वीजतारा जात असतील तर अँटेना उतरवताना दोघं जण असा.

आधी मीटर तपासा. रिग, मीटर आणि लगेच ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर), मधे लांब केबल नको. रिफ्लेक्टेड शून्य किंवा अगदी जवळ यायला पाहिजे. जे काही येईल ते लिहून ठेवा, तो तुमच्या मीटरचा स्वतःचा खोटेपणा, त्याच्या खालच्या रिफ्लेक्टेड आकड्यावर पुढे विश्वास ठेवायचा नाही. मित्राच्या मीटरचं पण हेच करा, दोघांमधला चांगला कुठला ते इथेच कळेल. फॉरवर्डची खात्री हवी असेल तर ५० वॅट ५० ओहममधे जाताना लोडवर ५० व्होल्ट आरएमएस म्हणजे जवळपास ७१ व्होल्ट पीक यायला पाहिजे, कोणाकडे योग्य प्रोबसहित ऑसिलोस्कोप असेल तर बघता येतं. साधा मल्टिमीटर लावू नका, त्याला १४५ मेगाहर्ट्झ कळत नाही.

मग केबल. डमी लोड आणि मीटर दोन्ही गच्चीवर घेऊन जा. अँटेना काढा, केबलच्या वरच्या टोकाला मीटर, मीटरला डमी लोड, आणि खालून कोणाला तरी काही सेकंद पीटीटी दाबायला सांगा. खाली हाच मीटर आणि हाच लोड ४५ दाखवत होते, वर १८ आले तर केबल तिच्या वयाच्या मानाने ठीक आहे, ९ किंवा १० आले तर केबल संपली. मीटरची चूक यात फारशी आड येत नाही कारण दोन्ही वेळा मीटर तोच. मला ही पद्धत सगळ्यात आवडते.

वर-खाली करायला दुसरं माणूस नसेल तर केबलचं वरचं टोक मोकळं सोडा, आजूबाजूला हात लावण्यासारखं कोणी नाही ना ते बघा, आणि खालून १० वॅटवर क्षणभर पीटीटी दाबा. कोरड्या केबलला रिफ्लेक्टेड दीड वॅटच्या वर यायला पाहिजे. अर्ध्या वॅटच्याही खाली आलं तर केबलमधे ७ डीबी जातायत. नॅनोव्हीएनए (अँटेना आणि केबल तपासायचं छोटं यंत्र) मिळत असेल तर अजून उत्तम, पॉवर न देता मोकळ्या टोकाचा रिटर्न लॉस (परत येणारा सिग्नल किती डीबीने कमी ते) वाचायचा आणि निम्मा करायचा, तो केबलचा एका दिशेचा लॉस. फक्त आधी ओपन, शॉर्ट आणि लोड लावून कॅलिब्रेशन करा, त्याशिवायचे आकडे कामाचे नाहीत.

केबलमधे पाणी निघालं तर सुकवायच्या भानगडीत पडू नका. टोक कापून नवीन कनेक्टर लावला की काही दिवस बरं वाटतं पण जाळी ऑक्सिडाइझ झालेली असते. संपूर्ण केबल बदला, आणि बदलतच असाल तर आरजी-२१३ ही जाड, कमी लॉसची केबल घ्या. २० मीटरला १४५ मेगाहर्ट्झवर १.७ डीबीच्या आसपास जातात, म्हणजे ४५ पैकी ३० वॅट वर. आजच्या तुमच्या बहुधा ९ वॅटच्या तिप्पट, आणि नवीन रिगपेक्षा खूप स्वस्तात. एन कनेक्टर परवडला तर वरच्या टोकाला तोच लावा, नेहमीचा पीएल-२५९ कनेक्टर मुळात पाण्यासाठी बनलेलाच नाही. कुठलाही लावला तरी त्यावर आधी सेल्फ-अमाल्गमेटिंग रबर टेप ताणून गुंडाळा, खालून वर असा, म्हणजे थर कौलासारखे एकावर एक बसतील, आणि त्यावर उन्हापासून वाचवायला चांगली पीव्हीसी टेप. केबल घरात शिरते तिथे बाहेरच खाली एक वळसा सोडा, पाणी वळशावरून ठिबकून जातं.

नवीन केबल टाकल्यावर एक गोष्ट होईल ती आत्ताच सांगून ठेवतो नाहीतर तुम्ही घाबराल. मीटरवर रिफ्लेक्टेड वाढेल. अँटेना खरोखर २.२ ची असेल तर कमी लॉसच्या केबलवरून खाली १.७ च्या आसपास दिसेल आणि काटा तीन वॅटच्या आसपास जाईल. काही बिघडलेलं नसतं, आत्तापर्यंत केबल जे झाकत होती ते आता दिसायला लागतं. मग अँटेनाची लांबी थोडी थोडी बदलून ती जुळवा, वर अँटेनापाशीच मीटर किंवा नॅनोव्हीएनए लावून. १.५ ला आली की थांबा. १.५ म्हणजे फक्त ४ टक्के रिफ्लेक्टेड, समोरच्याला तो फरक कधीही ऐकू येणार नाही. १.१ साठी दहा वेळा शिडी चढण्यात काही मिळत नाही.

आणि ती भीती, की परत आलेली पॉवर रिग जाळते. परत आलेली पॉवर रिगमधे जाऊन उष्णता होऊन बसते असं काही सरळ गणित नाही, बरीचशी पुन्हा अँटेनाकडे वळते, म्हणून तर १०० वॅटच्या रिगला ट्यूनर (रिग आणि अँटेनाची जुळणी करणारी पेटी) लावल्यावर ट्यूनर आणि अँटेनाच्या मधला मीटर फॉरवर्ड १२५ आणि रिफ्लेक्टेड २५ दाखवू शकतो. लोडला जातात ते दोघांमधले १००. रिगला त्रास होतो तो चुकीच्या इम्पिडन्समुळे, आउटपुट ट्रान्झिस्टरवर व्होल्टेज किंवा करंट जास्त पडतो, आणि त्यासाठी आजकालचे रिग स्वतःच पॉवर उतरवतात. तुमच्याकडे फॉरवर्ड ४५ ला टिकून आहे म्हणजे रिगची काही तक्रार नाही.

एक शक्यता मी अजून सोडलेली नाही. केबल कोरडी निघाली, वर १८ वॅट पोचले आणि तरी रिपीटर अवघडच जात असेल, तर अँटेनाच्या बुडाशी असलेल्या मॅचिंगमधे (अँटेना केबलशी जुळवणाऱ्या भागात) पाणी असू शकतं. तिथेही हेच होतं, ओलं मॅचिंग पॉवर खातं आणि एसडब्ल्यूआर सोज्वळ दिसतो, फक्त ते केबलच्या टेस्टमधे पकडलं जात नाही. तेव्हा अँटेना उतरवलीच आहे तर बुडाची भोकं बुजलीत का बघा, पाणी बाहेर पडायला ती ठेवलेली असतात आणि कुंभारमाशी त्यात मातीचं घर करते.

डमी लोडवरचे आकडे, गच्चीवरचे आकडे आणि कापलेल्या केबलच्या टोकाचा फोटो एवढं टाका, मग अँटेनाच्या लांबीकडे वळू.